पाटीवरचं नाव आणि परभणीचा ‘भ’

माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला गाडी चालवतो. वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या पाहुण्यांना चिकलठाणा विमानतळावरून घ्यायचं, दोन-तीन दिवस फिरवायचं, परत आणून सोडायचं. पाहुण्यांची यादी त्याला बुकिंगवाल्यांच्या वेबपेजवर दिसते. तिचा प्रिंट काढायचा, नाव मोठं करून पाटीवर चिकटवायचं आणि दारात उभं राहायचं, हा त्याचा रिवाज. मागच्या हिवाळ्यात एका फ्रेंच पाहुण्यासाठी तो असाच उभा होता. नाव होतं फ्रान्स्वा. रोमन लिपीत हे नाव लिहिताना ‘सी’च्या पोटाखाली बारीक शेपूट काढतात. ती असली की त्या ‘सी’चा उच्चार ‘स’ होतो. भाच्याच्या पाटीवर शेपूटवाला ‘सी’ नव्हताच. एफ, आर, ए, एन इथवर ठीक होतं. पुढे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा ‘ए’, त्याच्या शेजारी §, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात कलमाच्या आकड्याआधी असते ती खूण, आणि मग ओ, आय, एस.

पाहुणा पाटीसमोर येऊन हसला म्हणे, आणि त्यानं पाटीचा फोटोही काढून घेतला. त्याच्या देशात हे नवीन नसावं. भाच्यानं मला तोच फोटो पाठवला आणि वर फोन केला, “मामा, हे काय दिसायलंय? मला वाटलं फ्रेंचमध्ये असंच लिहितेत.”

मी परभणीत वीसेक वर्षं डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, कुणाचा शोधनिबंध, कुणाची दुकानाची पाटी. बिघडलेली अक्षरं म्हणजे माझ्या जेवणातला रोजचा खडा. भाच्याला फोनवर घाईत सांगितलं ते इथे ऐसपैस सांगतो, कारण हाच घोळ मराठीतही होतो आणि बहुतेक जण तो निस्तरताना आणखी वाढवून ठेवतात.

आकडा एक, तक्ते अनेक

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ‘मोठा ए’ हे त्याच्या लेखी ६५. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता आधी ठरवून ठेवावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली असा तक्ता निघाला, त्याचं नाव आस्की. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीची अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं यांना पुरल्या.

पण एका बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीच्या एका घरात, ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. म्हणजे वरच्या १२८ जागा मोकळ्या होत्या. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश लोकांनी आपली रेघा-टिंबं-शेपट्यांची अक्षरं तिथे बसवली. पश्चिम युरोपच्या तक्त्यात शेपूटवाला ‘सी’ २३१ नंबरला आला आणि तिरक्या रेघेचा ‘ई’ २३३ ला. अडचण अशी की रशियनांनी, ग्रीकांनीही त्याच वरच्या जागांवर आपापली अक्षरं बसवली. २३१ हा आकडा एकाकडे शेपूटवाला ‘सी’, दुसऱ्याकडे रशियन ‘झ’, तिसऱ्याकडे ग्रीक ‘ईटा’. आपल्याकडेही भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा तक्ता झाला, १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. आता फाईलवर कुठेच लिहिलेलं नसतं की हे आकडे कोणत्या तक्त्यानं वाचायचे. सगळी गोम इथे आहे.

मग युनिकोड आलं. पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच मोठ्या तक्त्यात जागा. देवनागरीला १२८ घरं मिळाली, त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. ‘क’चा आकडा २३२५. पण २३२५ एका बाइटमध्ये कसा मावणार? त्यासाठी यूटीएफ-८ नावाची लिहिण्याची रीत निघाली. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून ती आखली, टेबलावर ताटाखाली अंथरतात त्या कागदावर. रीत मोठी हुशारीची आहे. १२७ पर्यंतचे जुने इंग्रजी आकडे जसेच्या तसे एका बाइटमध्ये. रेघा-टिंबांची बहुतेक युरोपी अक्षरं दोन बाइटमध्ये. देवनागरी तीन बाइटमध्ये. इमोजी बहुधा चारमध्ये.

म्हणून तर पानावर सगळा गोंधळ झालेला असतानाही फोन नंबर आणि साधं इंग्रजी धड दिसतं. ते आकडे जवळपास प्रत्येक तक्त्यात तेच आहेत.

आता पाटी बघा. यूटीएफ-८ मध्ये शेपूटवाला ‘सी’ लिहिताना १९५ आणि १६७ असे दोन बाइट पडतात. वाचणाऱ्यानं जुना पश्चिम युरोपचा तक्ता उघडला. त्यात १९५ म्हणजे नागमोडी रेघेचा ‘ए’ आणि १६७ म्हणजे §. त्यानं इमानदारीनं दोन्ही छापले. एकही बाइट हरवलेला नाही, एकही आकडा चुकलेला नाही. वाचणाऱ्याच्या हातात तक्ता तेवढा दुसरा होता.

हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावणं मला सोपं जातं. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. घराघरांत, तहसिलीत जुने कागद उर्दूत आहेत, मोडीत आहेत. २०२३ साली सरकारनं कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली होती. तो कागद आपल्याला वाचता येत नव्हता, पण म्हणून तो खराब नव्हता. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. समजा एखाद्या उत्साही माणसानं त्या मोडीला बिघडलेली देवनागरी समजून पेनानं ‘दुरुस्त’ केलं असतं तर? कागद त्या क्षणी गेला असता.

कॉम्प्युटरवर हे ‘दुरुस्त करणं’ म्हणजे सेव्हचं बटण. विचित्र अक्षरं दिसली की फाईल आहे तशी बंद करा. विचारलंच तर ‘सेव्ह करू नका’ म्हणा. बाकी सगळं नंतर.

ब्राउझर तक्ता कसा निवडतो

मोंढ्यात हमाल पोतं उघडून बघत बसत नाही, पोत्यावर चिठ्ठी काय आहे ते बघतो आणि त्या थप्पीला नेऊन लावतो. ब्राउझरचंही तसंच. पानाच्या अगदी सुरुवातीला युनिकोडची खास खूण असेल तर ती सगळ्यात वरचढ. ती नसेल तर सर्व्हरनं पानासोबत पाठवलेली चिठ्ठी. तीही नसेल तर पानाच्या आत लिहिलेली ‘मेटा चारसेट’ ही ओळ, आणि ती पहिल्या १०२४ बाइटच्या आत असायला हवी, फार खाली असली तर तिचा भरवसा नाही. काहीच नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो. अंदाजात तो पुष्कळदा पश्चिम युरोपच्या तक्त्याकडे झुकतो, म्हणून तो नागमोडी ‘ए’ आपल्याला इतका भेटतो.

यातली खोच अशी की सर्व्हरची चिठ्ठी पानातल्या ओळीवर मात करते. एका संस्थेची वेबसाइट करून देणारा मुलगा दोन दिवस माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला होता. पानात ‘यूटीएफ-८’ लिहिलेलं, फाईलही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली, तरी मराठीचा कचरा. सर्व्हर मात्र प्रत्येक पानावर जुन्या तक्त्याची चिठ्ठी चिकटवत होता. सर्व्हरची ती एक सेटिंग बदलली, पान सरळ झालं. पोत्यात तूर, चिठ्ठीवर हरभरा. हमालाचा काय दोष?

तुम्ही नुसते वाचक असाल तर फायरफॉक्समध्ये पान उघडून बघा. व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ असं एक बटण आहे (विंडोजवर मेनू दिसत नसेल तर ऑल्टचं बटण दाबा). पूर्वी तिथे तक्त्यांची लांबलचक यादी असायची, २०२१ मध्ये त्यांनी ती काढून हे एकच बटण ठेवलं. पान कोणत्या तक्त्यानं वाचलं जातंय ते त्याच ब्राउझरच्या ‘पेज इन्फो’मध्ये दिसतं. क्रोमनं असा मेनू त्याच्याही आधी काढून टाकला, तिथे वेगळं एक्स्टेन्शन बसवावं लागतं. मॅकवरच्या सफारीत व्ह्यू मेनूत यादी अजून आहे. आणि खरं सांगायचं तर फोनवर हा उद्योग करूच नका, कॉम्प्युटरपाशी बसा.

कचऱ्यावरून भाषा ओळखणं

आता माझ्या आवडीचा भाग. बिघडलेल्या मजकुराचा आपला एक चेहरा असतो, आणि त्यावरून मूळ भाषा कोणती होती हे सांगता येतं. मराठवाड्यात बसून हे शिकायला मजा येते, कारण इथे लिप्या किती! मराठी आहे. संभाजीनगर, बीड, नांदेड, परभणीत उर्दू आहे. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे गुरुमुखी आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीरच्या बाजूला कन्नड.

युरोपी अक्षरांची ओळख सगळ्यात सोपी. नागमोडी रेघेचा मोठा ‘ए’ आणि त्याच्यामागे एखादी भलतीच खूण. खूण © असेल तर मूळ अक्षर तिरक्या रेघेचा ‘ई’, § असेल तर शेपूटवाला ‘सी’. एका अक्षराच्या जागी दोन आले, म्हणजे यूटीएफ-८ चं पान जुन्या तक्त्यानं वाचलंय.

मराठीच्या एका अक्षराच्या जागी तीन खुणा येतात. ‘म’चे बाइट २२४, १६४, १७४. पडद्यावर दिसतं काय, तर डोक्यावर डावीकडून उतरती रेघ असलेला छोटा ‘ए’, मग ¤, आणि मग ®. ¤ ही चलनाची जुनी खूण, लहान वर्तुळ आणि चार कोपऱ्यांना चार काड्या. ‘मराठी’ या शब्दाचे असे पंधरा बाइट होतात. तो छोटा ‘ए’ दर तिसऱ्या जागी येत राहतो, एखाद्या भजनातल्या टाळासारखा. मधली खूण कधी ¤, कधी ¥. युनिकोडनं देवनागरीची १२८ घरं दोन चाळींत वाटल्यासारखी आहेत. पहिल्या चाळीत स्वर, व्यंजनं, काना, पहिली वेलांटी. दुसऱ्या चाळीत दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडण्याची खूण, मराठी आकडे. पहिल्या चाळीतलं अक्षर असेल तर ¤ येतो, दुसऱ्या चाळीतलं असेल तर जपानी येनचं ¥.

गुरुमुखीतही तोच छोटा ‘ए’ टाळ धरतो, पण त्याच्या मागे दोन आडवी टिंबं किंवा © येतं. तेलुगूत त्याच्या मागे अंशाची खूण ° किंवा अधिक-उणे ±. कन्नडमध्ये वर्गाचा बारीक ² किंवा घनाचा बारीक ³. उर्दूचा चेहरा वेगळा, तिथे एका अक्षराला दोनच बाइट. तिरकी काट मारलेला मोठा ‘ओ’ आणि डोक्यावर काही ना काही ठेवलेला मोठा ‘यू’ यांची रांग दिसली की समजावं, मूळ मजकूर उर्दू आहे. एकदा गिऱ्हाइकानं आणलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या फाईलमध्ये ² आणि ³ ची झुंबड बघून मी विचारलं, “पाहुणे बिदरकडचे का?” तो माझ्याकडे भुताकडे बघावं तसा बघत राहिला.

₹ ची खूण रोज भेटते. २०१० साली ती ठरली आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आली. बिघडली की तिच्या जागी टोपीवाला छोटा ‘ए’, स्वल्पविरामासारखं काहीतरी आणि वर चढलेला बारीक १ दिसतो. सोयाबीनच्या भावाच्या पत्रकात हे असं आलं की लोक तो १ भावातच धरतात. हसू नका, असं झालेलं मी बघितलंय.

वेगळ्या चेहऱ्याची दुखणी

काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह (�) दिसलं तर रोग उलटा आहे. फाईल जुन्या तक्त्यातली आणि ब्राउझर ती यूटीएफ-८ म्हणून वाचतोय. २३१ हा एकटा बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाही, म्हणून ब्राउझर ‘इथे काहीतरी होतं, मला कळलं नाही’ अशी खूण ठेवतो. मूळ फाईल हात न लावता ठेवली असेल तर त्यात ते अक्षर अजून आहे.

नुसती साधी प्रश्नचिन्हं, ‘मराठी’च्या जागी ?????, हे मात्र वाईट. कुणीतरी तो मजकूर अशा तक्त्यात सेव्ह केला ज्यात देवनागरीला जागाच नव्हती. नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून मराठी सेव्ह केलं की असं होतं. आता त्या फाईलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत. जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर ती परत मराठी करू शकत नाही.

रिकामे चौकोन दिसले तर तक्ता बरोबर आहे, फॉन्टमध्ये त्या अक्षराचं चित्र नाही. या चौकोनांना टोफू म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच आलंय. मराठीत ही अडचण ‘ॲ’ला यायची. ‘ॲडव्होकेट’मधला हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फोनवर वकिलांच्या नावाआधी चौकोन उभा राहायचा.

आणि आमच्या धंद्याचं स्वतःचं दुखणं म्हणजे जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमधला मजकूर मुळात मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. वेबपेजवर चिकटवला की मुखवटा गळतो. ओळखायची खूण सोपी आहे: तो छोटा ‘ए’ दर तिसऱ्या जागी येत नाही, काही ताल नसतो. तिथे तक्ते बदलून काही होत नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. मराठवाड्यातल्या किती संस्थांच्या स्मरणिका अशा अडकून पडल्यात, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मग पाटीवर काय झालं होतं?

भाच्याला म्हटलं, त्याच पानावर ₹ कशी दिसते ते सांग. ती चांगली दिसत होती. म्हणजे पानाचा तक्ता ठीक होता आणि नाव तेवढं बिघडलेलं होतं. ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळं पान बिघडलं तर चिठ्ठीचा दोष, एखादाच रकाना बिघडला तर तो कचरा आधीच साठवला गेलाय. फायरफॉक्सचं बटण अशा वेळी काही करू शकत नाही.

साठवला कुठे असेल, याचा माझा संशय एक्सेलवर होता, आणि विचारल्यावर तो खरा निघाला. पाहुण्यांची नावं सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाईल) यूटीएफ-८ मध्ये आली होती. ऑफिसात कुणीतरी त्या फाईलवर डबल क्लिक केलं. सीएसव्हीच्या सुरुवातीला युनिकोडची खूण नसली की एक्सेल ती विंडोजच्या जुन्या तक्त्यानं, म्हणजे पश्चिम युरोपच्या तक्त्याच्याच विंडोजवाल्या प्रतीनं वाचतं. नागमोडी ‘ए’ आणि § तिथेच उगवले. त्या माणसानं तारखा नीट केल्या, सेव्ह केलं आणि फाईल चढवली. आता सिस्टिमनं नागमोडी ‘ए’ला खरा नागमोडी ‘ए’ आणि §ला खरा § समजून दोघांना पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिलं. १९५, १६७ या दोन बाइटचे १९५, १३१, १९४, १६७ असे चार झाले. असा फेरा आणखी एकदा झाला तर आठ होतात. एका अक्षरामागे हातभर शेपूट लागलेली नावं दिसतात ती अशी तयार होतात.

एक्सेलमध्ये सीएसव्ही डबल क्लिकनं उघडायचीच नाही. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१ हा आकडा शोधा, तोच यूटीएफ-८. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय आहे तो निवडा, नुसतं ‘सीएसव्ही’ नको, त्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात. वेबसाइट तुमचीच असेल तर फाईल, पानातली ओळ, सर्व्हरची चिठ्ठी, डेटाबेस आणि डेटाबेसशी बोलणारं कनेक्शन, सगळीकडे यूटीएफ-८ हवं. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर त्यात ‘यूटीएफ८’ नव्हे, ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. पहिल्यात तीनच बाइट मावतात, म्हणजे मराठी चालते आणि कुणी इमोजी टाकला की गाडी अडते.

सहा जिल्हे वाचले, दोन अडकले

दोनदा लिहिलेला मजकूर उलटा फिरवता येतो. तक्त्याचा फेरा मागे नेणारी सॉफ्टवेअरं आहेत. पण त्यासाठी प्रत्येक बाइट शाबूत हवा, आणि मराठीची खरी गोची इथे होते.

विंडोजच्या त्या जुन्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४, १५७. तिथे कोणतंच अक्षर नाही. कडक सॉफ्टवेअर असा आकडा आला की ‘?’ टाकतं किंवा तो गाळून टाकतं. आणि मराठीत शेवटचा बाइट म्हणून या आकड्यांवर कोण बसलंय बघा. १४१ वर पाय मोडण्याची खूण, म्हणजे जवळपास सगळी जोडाक्षरं. १२९ वर पहिला उकार. १४३ वर ‘ए’, १५७ वर ‘झ’. याखेरीज १६० हा आकडा म्हणजे न तुटणारी रिकामी जागा, तिथे ‘ठ’चा शेवटचा बाइट येतो. कॉपी-पेस्ट करताना ती साधी रिकामी जागा होते आणि ‘ठ’ मेला. १७३ म्हणजे न दिसणारी जोडरेघ, तिथे ‘भ’. ती दिसतच नाही, म्हणून वाटेत गळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी मराठवाड्याचे आठ जिल्हे या हिशोबानं तपासले. जालना, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली, धाराशिव ही नावं कितीही बिघडली तरी बाइट न् बाइट परत जुळतात. छत्रपती संभाजीनगरात ‘त्र’चा मोडलेला पाय आहे आणि ‘भ’ आहे, दोन धोके. आणि आमची परभणी, तिच्यात ‘भ’. पैठणचा ‘ठ’ तर ठरलेला. दुरुस्त करून आलेल्या एका यादीत मला ‘पर णी’ असं नाव मिळालं होतं, ते का, हे त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून ब्राउझरमधला कचरा कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकण्यापेक्षा मूळ फाईल मागा. ईमेलला जोडलेली पहिली फाईल, कुणाच्या पेनड्राइव्हवरची प्रत, जिला अजून कुणी ‘नीट’ केलेलं नाही ती.

भाच्याच्या बुकिंगवाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो. दोन महिने झाले, याद्या तशाच येतात. परवा भाच्याचा फोन आला, यादीत एका जर्मन पाहुण्याचं आडनाव होतं: एम, मग नागमोडी ‘ए’, मग ¼.

“मामा, हा पाव म्हणजे डोक्यावर दोन टिंबं दिलेला यू ना?”

होय म्हणलं. त्यानं मार्कर काढून पाटीवर टिंबं दिली आणि तो विमानतळावर गेला.